ओठावरचा फोड आणि तोंडातला छाला : फरक कसा ओळखावा, उपाय कोणता करावा?

संत्रानगरी
नमस्कार मंडळी. मे महिना लागला की आमच्या घरात कोणाचे ना कोणाचे तोंड येतेच, आणि यंदा तर एकाच आठवड्यात दोघींचे आले. बारावीची परीक्षा दिलेल्या मुलीच्या खालच्या ओठाच्या कडेवर, बाहेरच्या बाजूने, बारीक फोडांचा पुंजका उठला आहे, तर सासूबाईंच्या गालाच्या आतल्या बाजूला मसुराएवढा पांढरट व्रण पडला आहे. घरातल्या झाडून सगळ्यांनी दोन्हींचे निदान एकच केले, ते म्हणजे उष्णता. त्यामुळे उपचारही एकच सुरू आहे : बी-कॉम्प्लेक्सची गोळी, गुलकंद, आणि फ्रिजच्या दारात गेल्या वर्षीपासून पडून असलेल्या ट्यूबमधले मलम. सासूबाईंना आराम वाटतो आहे. मुलीचे फोड मात्र वाढल्यासारखे दिसतात.

हे दोन प्रकार मुळात वेगळे आहेत का, असल्यास घरच्या घरी ओळखायचे कसे, आणि मुलीचा टॉवेल व पेला वेगळा ठेवण्याची खरोखर गरज आहे का, हे जाणकारांनी सांगावे. पेला सासूबाईंचा वेगळा ठेवावा लागणार असेल तर ते मात्र हळू आवाजात सांगा.

धंतोलीचा_धोंडू
नागपुरात तोंडाचा कोणताही प्रश्न विचारला तरी पहिले उत्तर एकच असते : खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) बंद करा.

संत्रानगरी
धोंडूभाऊ, आमच्या घरात खर्रा कोणीही खात नाही. सासूबाई फक्त जेवणानंतर बडीशेप खातात. तेव्हा दुसरे उत्तर शोधावे.

दंतशल्यक
ताई, मी दंतवैद्य आहे आणि हा प्रश्न उन्हाळ्यात माझ्या खुर्चीवर रोजच्या रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण जे वर्णन केले त्यावरून दोघींचे आजार वेगळे वाटतात. मुलीला झाले आहे ते बहुधा हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूमुळे, म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या प्रकारामुळे, उठणारे ओठावरचे फोड. सासूबाईंचा तो ॲफ्थस व्रण, म्हणजे आपण ज्याला तोंड येणे किंवा छाला म्हणतो तो. पहिला संसर्गजन्य आहे, दुसरा मुळीच नाही. सासूबाईंच्या पेल्याला हात लावायचे कारण नाही.

ओळखताना आधी जागा पाहावी. ओठाची त्वचा जिथे चेहऱ्याच्या त्वचेला मिळते त्या कडेवर, नाकपुडीजवळ किंवा हनुवटीवर उठले तर विषाणूचा संशय घ्यावा. गालाच्या आत, ओठाच्या आतल्या ओलसर भागावर, जिभेच्या कडेला किंवा खालच्या बाजूला, मऊ टाळूवर पडले तर ते बहुधा ॲफ्थस. दुसरी खूण म्हणजे सुरुवात कशी झाली. विषाणूच्या बाबतीत काही तास ते एक-दोन दिवस आधी त्या जागी मुंग्या येतात, चुरचुरते, खाजते. मग पाण्याने भरलेले बारीक फोड घोळक्याने येतात, ते फुटून ओल सुटते, त्यावर पिवळसर खपली धरते, आणि साधारण 7 ते 10 दिवसांत ती गळून पडते. ॲफ्थसमध्ये पाण्याचा फोड कधीच येत नाही. तो पहिल्यापासून खोलगट व्रण असतो. गोल किंवा लंबगोल, तळ पिवळट-पांढरा, आणि भोवती लालभडक कडे. नेहमीचा व्रण 1 सेंटिमीटरपेक्षा लहान असतो आणि 7 ते 14 दिवसांत डाग न ठेवता भरतो.

एक घोटाळा मात्र लक्षात ठेवावा. विषाणू क्वचित तोंडाच्या आतही उठतो, पण तो कडक टाळूवर किंवा दातांना घट्ट चिकटलेल्या हिरडीवर, म्हणजे हाडावर ताणून बसलेल्या त्वचेवर. उलट ॲफ्थसचा एक प्रकार असा आहे की टाचणीच्या टोकाएवढे डझनावारी व्रण एकदम येतात आणि त्याच्या वैद्यकीय नावात हर्पीसचा उल्लेख असतो, तरी त्याचा विषाणूशी काही संबंध नाही. नावावरून घाबरू नये.

फ्रिजमधल्या ट्यूबवर काय लिहिले आहे, ते आधी वाचून सांगा.

संत्रानगरी
ट्यूबवर ट्रायमसिनोलोन 0.1 टक्के ओरल पेस्ट असे लिहिले आहे.

औषधीवाला
इतवारीत औषधांचे दुकान चालवणाऱ्या माणसाने इथे बोललेच पाहिजे. दंतशल्यक साहेबांनी ट्यूबचे नाव का विचारले ते स्पष्ट आहे. ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड आहे. ॲफ्थसच्या व्रणात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा श्लेष्मल त्वचेवर उलटलेली असते, म्हणून तिला शांत करणारे स्टेरॉइड तिथे उपयोगी पडते. सासूबाईंना आराम पडला तो त्यामुळेच. विषाणूच्या फोडावर तेच लावले तर जिच्या जोरावर विषाणू आटोक्यात येतो त्या यंत्रणेलाच आपण दाबून टाकतो. मुलीचे मलम आज बंद करावे.

दुकानात रोज दिसणारी गोष्ट सांगतो. गिऱ्हाईक येऊन म्हणते, "तोंड आले, मलम द्या." आत की बाहेर, असे विचारले की काहींना राग येतो, कारण त्यांना घाई असते. गल्ल्यावर नवा पोरगा असला तर तो हाताला येईल ती ट्यूब देतो. त्याहून वाईट म्हणजे खाज, बुरशी, जंतू सगळ्यांवर एकत्र चालते अशा समजुतीने विकत घेतली जाणारी, जोरदार स्टेरॉइड मिसळलेली चेहऱ्याची मलमे. ती लोक ओठावर चोळतात आणि महिनाभराने चट्टे घेऊन परत येतात.

मुलीसाठी असायक्लोव्हिर 5 टक्के क्रीम असते. दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस लावायचे. कापसाच्या काडीने लावले तर उत्तम, बोटाने लावले तर आधी आणि नंतर हात धुवावेत. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर फोड फुटून खपली धरल्यावर त्याचा फारसा फायदा नाही. मुंग्या येऊ लागल्या त्याच दिवशी सुरू केले तर आजार थोडाफार आखडतो, आणि तोही फार नाही.

जाईजुई
मी आयुर्वेदाची विद्यार्थिनी आहे. आपल्याकडे तोंड आल्यावर जाईची कोवळी पाने चावून लाळ थुंकण्याची पद्धत फार जुनी आहे आणि आजही पुष्कळांना तिने आराम पडतो. तोंडातल्या व्रणासाठी जेष्ठमधाची पूड मधात कालवून लावणे, तुपाचे बोट फिरवणे, इरिमेदादि तेलाचा गंडूष धरणे (तेल तोंडात भरून ठेवणे) हे उपाय सांगितलेले आहेत. "उष्णता" हा शब्द हसण्यावारी नेऊ नये. 45 अंशांच्या उन्हात पित्त वाढते, झोप बिघडते, पाणी कमी पडते, आणि शरीराचा तोल गेला की तोंडावर दिसते, हे निरीक्षण पिढ्यांचे आहे.

गोरेवाडा
निरीक्षण पिढ्यांचे असेल, पण आमच्या शेजारच्या आजी ओठावरच्या फोडाला "रात्री पाल चाटून गेली" म्हणतात, तेही पिढ्यांचेच आहे. पालीला विचारले तर तिचेही काही म्हणणे असेल.

दंतशल्यक
जाईजुई यांचे म्हणणे अर्धे मी मान्य करतो, आणि ते अर्धे महत्त्वाचे आहे. ओठावरच्या विषाणूच्या बाबतीत ऊन हे खरोखरच मोठे निमित्त असते. हा विषाणू बहुधा लहानपणी शरीरात शिरतो आणि मग चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षे झोपून राहतो. उन्हातली अतिनील किरणे, ताप, मानसिक ताण, मासिक पाळी, ओठाला झालेली इजा, यांपैकी काहीही त्याला जागे करते. म्हणून ताप येऊन गेल्यावर ओठावर फोड दिसतात आणि लोक म्हणतात की ताप बाहेर पडला. परीक्षेचा ताण आणि त्यावर मे महिन्यातली भर दुपार, एवढे निमित्त मुलीसाठी पुरेसे होते.

तोंडाच्या आतल्या व्रणापर्यंत मात्र ऊन पोचत नाही. तिथे झोप, ताण, गाल चावला जाणे, टोकदार दात, कवळीची कड, जीवनसत्त्वांची कमतरता ही कारणे शोधावी लागतात. दोन्हींना उष्णता म्हणून मोकळे झालो की हे शोधणेच राहून जाते, एवढाच माझा आक्षेप आहे.

जाईच्या पानांना माझी हरकत नाही. मधाबद्दल एक अट आहे : एक वर्षाखालच्या बाळाच्या तोंडाला मध लावू नये, कारण त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा, धोका संभवतो. आणि टाकणखार किंवा बोरोग्लिसरीन लहान मुलांच्या तोंडात फिरवण्याची जी सवय आहे ती सोडावी. ते पोटात जाणे चांगले नाही.

खामल्याची_मास्तरीण
ॲफ्थसच्या बाबतीत मी जुनी रुग्ण आहे. कॉलेजपासून दर दीड-दोन महिन्यांनी तोंडात छाले यायचे. प्रत्येक वेळी मित्रमंडळी झणझणीत सावजी जेवणाला दोष देत. मी सावजी सोडले, तर्री सोडली, पोह्यांवर नुसती शेव घालून खाल्ली, तरी छाले वेळेवर हजर. शेवटी एका वैद्यकीय अधिकारी असलेल्या नातेवाइकांनी रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन जरा कमी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी, आणि बी-12 तर तळाला गेलेले. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि मला दूध पचत नाही, त्यामुळे त्यात नवल नव्हते. सांगायचे इतकेच की बी-कॉम्प्लेक्सची लाल-पिवळी गोळी अंदाजाने खाणे आणि नेमके काय कमी आहे ते पाहून भरून काढणे यांत फार अंतर आहे. मला आधी इंजेक्शने आणि मग गोळ्या लागल्या. छाले पूर्ण बंद झाले नाहीत, पण वर्षातून एखाददुसरा येतो.

सावजी परत सुरू केले आहे.

फुटाळा
मास्तरीणबाईंना दुजोरा. 2009 मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात वारंवार ॲफ्थस येणाऱ्यांना सहा महिने रोज रात्री 1000 मायक्रोग्रॅम बी-12 जिभेखाली दिले गेले, आणि औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत त्यांचे व्रण व वेदना कमी झाल्या. गमतीचा भाग असा की ज्यांचे रक्तातले बी-12 ठीक होते त्यांनाही फायदा दिसला. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत. पण आपल्याकडे बी-12 कमी असणारी माणसे इतकी आहेत की तपासणी करून घेण्यात शहाणपण आहे.

दंतशल्यक
बरोबर. वारंवार येणाऱ्या व्रणासाठी मी रक्ताची साधी तपासणी, फेरिटिन, बी-12 आणि फोलेट एवढे सांगतो. सोबत जुलाब, पोटदुखी किंवा वजन घटणे असेल तर सिलिॲक (गव्हातले ग्लुटेन न मानवणे) किंवा आतड्याच्या इतर आजाराचा विचार करावा लागतो. डोळे लाल होणे आणि जननेंद्रियावर व्रण असतील तर बेहचेटचा आजारही (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा विकार) मनात धरावा, आणि त्यासाठी फिजिशियनकडे पाठवतो. हृदयासाठीचे निकोरँडिल किंवा सांध्यांसाठीचे मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी तोंडात व्रण पडल्यास गोळी मनाने न सोडता डॉक्टरांना कळवावे.

सावजीबद्दल : तिखटाने छाला होत नाही, झालेल्या छाल्यावर मात्र ते आग लावते. टूथपेस्टकडे पाहा. फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट काहींना मानवत नाही. ते नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून पाहण्यात तोटा नाही. आणि हे वाचून कोणी आनंदित होऊ नये, पण धूम्रपान सोडल्यावर सुरुवातीला काहींना छाले वाढतात. ते तात्पुरते असते. त्यासाठी सिगारेट पुन्हा धरू नये.

निवृत्त_रसायन
औषधीवाल्यांनी असायक्लोव्हिरचा उल्लेख केला म्हणून एका निवृत्त रसायन शिक्षकाला राहवत नाही. ते छाल्यावर का चालत नाही याचे उत्तर त्याच्या घडणीतच आहे. ते शरीरात जाते तेव्हा निष्क्रिय असते. त्याला पहिला फॉस्फेट जोडणारे थायमिडिन कायनेज हे विकर (एन्झाइम) हर्पीसचा विषाणू स्वतः तयार करतो. आपल्या पेशीतले विकर ते काम जवळजवळ करतच नाही. म्हणजे विषाणू ज्या पेशीत शिरला आहे तिथेच औषध जागे होते आणि विषाणूच्या डीएनएची साखळी मध्येच तोडते. चोराने स्वतःच्या हाताने कुलूप लावून घ्यावे, तसा हा प्रकार आहे. जिथे विषाणूच नाही, त्या सासूबाईंच्या व्रणावर ते नुसते पडून राहील. हे औषध बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले, आणि त्याची कार्यपद्धती उलगडण्यात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

झोपलेल्या विषाणूवर मात्र ते काहीच करू शकत नाही. म्हणून फोड बरा होतो, पण आजार मुळातून जात नाही.

अंबाझरी
सर, हा शेवटचा मुद्दा वाचून धास्ती वाटली. मला वर्षातून दोन-तीनदा ओठावर उठते. गेल्या वर्षी एका स्थळाच्या बोलणीत माझ्या ओठावर खपली होती आणि समोरच्या मंडळींतल्या एका शिकलेल्या काकूंनी "हर्पीस म्हणजे तसलाच रोग ना" असे सर्वांदेखत विचारले. त्यानंतर तो विषय तिथेच संपला. हे असे उघड सांगण्याजोगे आहे की लपवण्याजोगे?

औषधीवाला
ताई, त्या काकूंच्या स्वतःच्या शरीरात तो विषाणू असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या 50 वर्षांखालच्या सुमारे 380 कोटी लोकांना, म्हणजे 64 टक्के माणसांना, या पहिल्या प्रकारच्या विषाणूची बाधा झालेली आहे. बहुतेकांना आजीने, आईने, मामाने लहानपणी घेतलेल्या पाप्यांतून तो मिळतो आणि कित्येकांना जन्मभर एकही फोड येत नाही. त्यात चारित्र्याचा प्रश्न कुठेच येत नाही.

दंतशल्यक
तरीही एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण ती कोणी सांगत नाही. फोड असताना मुखसंभोग केला तर हाच विषाणू जोडीदाराच्या जननेंद्रियावर जाऊ शकतो. फोड दिसत नसतानाही तो कधी कधी लाळेतून बाहेर पडतो, पण सर्वांत जास्त धोका ओल सुटलेली असते तेव्हाचा. खपली गळून कातडी साफ होईपर्यंत चुंबन, उष्टे, एकच चमचा, लिपस्टिक, टॉवेल, दाढीचे यंत्र हे टाळावे. हे संत्रानगरी यांच्या टॉवेलच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. कपडे वेगळे धुणे, ताट कोपऱ्यात ठेवणे, असल्या अतिरेकाची गरज नाही.

डोळ्यांबाबत सावध राहावे. फोडाला हात लावून तोच हात डोळ्याला किंवा कॉन्टॅक्ट लेन्सला लावू नये. फोडासोबत एक डोळा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा, आणि दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत. त्याने बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

नवी_आई
माझ्या बाळाच्या बारशाला एक जवळचे नातेवाईक ओठावर ताजे फोड घेऊन आले आणि बाळाला उचलून पापी घेण्यासाठी पुढे झाले. मी बाळ मागे ओढले. तेवढ्यावरून दोन घरांत अबोला आहे. मी जास्त केले का?

दंतशल्यक
अजिबात नाही. पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला हा विषाणू लागला तर तो मेंदूत आणि यकृतात पसरून जिवावर बेतू शकतो. नवजात बाळाच्या बाबतीत संकोच बाळगू नये. आईच्याच ओठावर फोड असेल तर तिने पापी घेऊ नये, मास्क लावावा, हात धुवावेत. स्तनावर फोड नसेल तर अंगावर पाजणे थांबवायचे कारण नाही.

जाईजुई
आणि अबोला दिवाळीपर्यंत आपोआप सुटेल.

पाचपावली
आमच्या दोन वर्षांच्या मुलाला परवापासून ताप आहे, हिरड्या लालभडक आणि सुजलेल्या आहेत, लाळ सतत गळते आणि तो पाणीसुद्धा पीत नाही. आजी म्हणते दाढा येत आहेत. हेही त्यातलेच का?

दंतशल्यक
दाढांमुळे इतका ताप आणि हिरड्या सुजणे बसत नाही. विषाणूची पहिली लागण लहान मुलांत अशीच दिसते : ताप, रक्ताळलेल्या हिरड्या, जिभेवर व ओठावर पुष्कळ फोड, मानेच्या गाठी. हात-पाय-तोंड आजारातही तोंडात व्रण येतात, पण त्यात तळहात, तळपाय, ढुंगणावर पुरळ दिसते आणि हिरड्या सहसा सुजत नाहीत. म्हणून हातपाय नीट पाहा. निदान काहीही असो, खरा धोका पाणी न पिण्याचा आहे. मूल सहा-आठ तासांत लघवीला गेले नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, सुस्त पडले असेल तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. तसे नसले तरी आजच दाखवा, कारण असायक्लोव्हिरचे पातळ औषध लवकर सुरू करण्याचा फायदा असतो. तोपर्यंत ओआरएस चमच्याचमच्याने, गार ताक, गार केलेली पातळ पेज द्यावी. आंबट काही नको.

औषधीवाला
जोडून एक सांगतो. तोंडातली वेदना कमी करणारी जी कोलीन सॅलिसिलेटची जेल मिळते, ती 16 वर्षांखालील मुलांना लावू नये. विषाणूचा ताप असताना सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातले औषध, मुलांत रे सिंड्रोमचा, म्हणजे मेंदू व यकृताला गंभीर इजा करणाऱ्या आजाराचा, धोका निर्माण करते. बाळाला दात येताना ती चोळणारी बरीच घरे मला माहीत आहेत.

पाचपावली
दवाखान्यात जाऊन आलो. तीच पहिली लागण निघाली. हातापायावर काही नव्हते. औषध सुरू केले आहे आणि मघाशी त्याने अर्धी वाटी ताक प्यायले. आभार.

गोरेवाडा
अंतर्जालावर एल-लायसिनच्या गोळ्यांची फार स्तुती वाचली. ओठावरच्या फोडासाठी ती घ्यावी का?

फुटाळा
फोड पुन्हा येऊ नयेत म्हणून केल्या जाणाऱ्या उपायांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये आढावा घेतला होता. त्यात लायसिन उपयोगी असल्याचा पुरावा मिळाला नाही. पोटात घेण्याच्या विषाणूरोधी गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास थोडा फायदा दिसला. सनस्क्रीनचा मामला मजेशीर होता : प्रयोगशाळेत कृत्रिम अतिनील प्रकाश टाकला तेव्हा त्याने फोड रोखले, खऱ्या उन्हात मात्र तसे सिद्ध झाले नाही.

अंबाझरी
मग उन्हात काय करायचे?

फुटाळा
आपल्या शहरातल्या मुली स्कूटीवर बसताना डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्याने गुंडाळतात, तेच. मला त्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे काही दिसत नाही. फक्त फोड असताना तो दुपट्टा मैत्रिणीला देऊ नये.

औषधीवाला
अंबाझरी ताई, वर्षात सहा किंवा त्याहून अधिक वेळा उठत असेल तर रोजच्या गोळीचा विचार डॉक्टर करतात. आपल्याला दोन-तीनदाच उठते. त्यासाठी चिठ्ठी आधीच घेऊन ठेवून, मुंग्या येताच त्याच दिवशी व्हॅलासायक्लोव्हिर सुरू करण्याची पद्धत आहे. प्रौढांसाठी 2 ग्रॅम, आणि बारा तासांनी पुन्हा 2 ग्रॅम, एवढाच एक दिवसाचा उपचार. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते, म्हणून हा आकडा वाचून कोणी परस्पर घेऊ नये.

धंतोलीचा_धोंडू
सुरुवातीला मी विनोद केला होता, आता गंभीरपणे विचारतो. माझ्या मेव्हण्याच्या जिभेच्या कडेला एक व्रण आहे. दुखत नाही, म्हणून तो निर्धास्त आहे. दिवाळीनंतर कधीतरी सुरू झाला असे म्हणतो. तो दिवसाला तीन-चार खर्रे खातो.

दंतशल्यक
धोंडूभाऊ, या धाग्यातला सर्वांत तातडीचा प्रतिसाद हा आहे. ॲफ्थस दुखतो, जागा बदलतो आणि दोन आठवड्यांत जातो. एकाच जागी तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला व्रण, मग तो दुखो वा न दुखो, छाला समजून मलम लावत बसायचा नसतो. कडा कडक लागणे, सहज रक्त येणे, शेजारी पांढरा किंवा लाल चट्टा असणे, मानेत गाठ लागणे, यांतले काहीही असेल तर आणखी घाई करावी. आणि न दुखणे हे चांगले लक्षण मानू नका. सुरुवातीचा कर्करोग पुष्कळदा दुखत नाही.

त्याला सांगा, तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का पाहा. जात नसतील, तिखटाने तोंड भाजत असेल, गाल आतून चामड्यासारखे ताठ लागत असतील तर सुपारीमुळे होणारा सबम्युकस फायब्रोसिसही (तोंडाची आतली त्वचा ताठरण्याचा आजार) सुरू झाला असावा. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे तपासून, लागल्यास तुकडा काढून तपासणीला पाठवतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती घालणारे शेजारी भेटतील. तसे होत नाही.

धंतोलीचा_धोंडू
उद्या सकाळी मी स्वतः त्याला गाडीवर बसवून नेतो. बहिणीला सांगितले आहे, त्यामुळे तो पळू शकणार नाही.

संत्रानगरी
इतक्या मनापासून लिहिलेत, सर्वांचे आभार. मुलीची पेस्ट बंद केली. खपली धरली आहे म्हणून आता तिथे नुसती पेट्रोलियम जेली लावते आणि ती खपली तिने नखाने काढू नये यासाठी पहारा देते. सासूबाईंना जेवणाआधी कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि रात्री जेवून झाल्यावर, व्रण कोरडा टिपून, पेस्टचा पातळ थर, असे चालू आहे. त्यांनी आरशात पाहून स्वतःच शोध लावला की व्रण नेमका कवळीच्या कडेसमोर आहे.

दंतशल्यक
मग पेस्ट हा अर्धाच उपाय झाला. कवळी घेऊन जिथे बसवली तिथे जा, कड घासून द्यायला दोन मिनिटे लागतात. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. आणि कड घासल्यावरही दोन आठवड्यांत व्रण भरला नाही तर मघाशी धोंडूभाऊंना सांगितले तेच त्यांनाही लागू आहे.

नरेंद्रनगर
उशिरा आलो. माझ्या मुलाच्या दातांना तारा लावल्या आहेत, येत्या शनिवारी त्या आवळायच्या आहेत, आणि काल त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात उठले. कोपरा म्हटल्यावर नेमके काय समजायचे?

दंतशल्यक
दोन्ही कोपरे चिरले असतील, पांढुरके ओलसर दिसत असतील तर तो तिसराच प्रकार आहे, त्यात बुरशी किंवा जंतू असतात आणि लोह वा रायबोफ्लेविनची कमतरताही असू शकते. एकाच बाजूला पाण्याचे फोड असतील तर विषाणू. तसे असल्यास दवाखान्यात फोन करून आधी सांगा आणि खपली पडेपर्यंत तारांचे काम पुढे ढकला. ओठ ताणल्याने फोड फुटतो, आणि काम करणाऱ्याच्या बोटांना व डोळ्यांनाही धोका असतो. आतल्या बाजूला तार टोचून छाला पडला असेल तर मात्र ढकलू नका, उलट लवकर जा, आणि तोपर्यंत तारेवर मेण लावा.

नरेंद्रनगर
एकाच बाजूला आहे आणि फोडांत पाणी आहे. फोन केला, शनिवारचे रद्द करून पुढच्या गुरुवारची वेळ दिली.